कच्चें मडकें आणि बैठकीची रीत

अनोळखी मंडळींत मिसळावें कसें, बोलणें काढावें कसें, हें शिकविणारीं पुस्तकें इंग्रजींत ढिगानें आहेत. मराठी वाचकानें मात्र या विषयासाठीं प्रथम गोरोबाकाकांच्या घरची संतांची बैठक वाचावी, असें माझें मत आहे.

महीपतीच्या ‘भक्तविजया’नें (इ. स. १७६२) नामदेवचरित्र घरोघर नेलें. या प्रसंगाचीं रूपें निरनिराळीं आहेत. कीर्तनांत रूढ असलेलें मी घेतों. संत जमले आहेत. वयानें सर्वांत लहान मुक्ताबाई कोपऱ्यांतलें थापटणें पाहून विचारते, ‘काका, हें काय?’ मडकें कच्चें कीं भाजलेलें हें यानें कळतें, असें उत्तर मिळतें. ‘मग आमचीं मडकीं पाहा कीं!’ गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारीत जातात. सारे स्वस्थ बसतात. नामदेव तेवढे रागावतात, आणि कच्चे ठरतात.

येथून कीर्तनकार जे निघतात ते थेट औंढ्या नागनाथास, विसोबा खेचरांपाशीं. गुरूवांचून ज्ञान नाहीं हें सांगण्याची त्यांना घाई असते, आणि त्या घाईंत बैठक वाचावयाची राहून जाते. तिथें बोलण्यास आरंभ होतो तो यजमानाच्या धंद्यांतील एका हत्यारापासून. मुक्ताबाईनें हवापाणी विचारलें नाहीं, स्वतःची ओळख सांगितली नाहीं. गोरोबांना जें सर्वांत चांगलें ठाऊक, तेंच विचारलें. संभाषणकलेचा याहून चांगला धडा मला इंग्रजी पुस्तकांतही आढळला नाहीं.

नामदेव कां रागावले? नरसी हें कयाधूकांठचें गांव त्यांचें जन्मस्थान मानतात. पण त्यांची खरी वस्ती विठ्ठलापाशीं. देव आपल्याशीं बोलतो, आपला नैवेद्य जेवतो, अशी ज्याची सवय, त्याला दहांतला एक होऊन बसणें जड जाणारच. आम्हां प्राध्यापकांना हें दुःख समजावें. वर्गांत पाऊण तास कोणी मध्यें बोलत नाहीं. संध्याकाळीं चहापानास गेलों कीं कप सांवरीत भिंतीशीं उभे! मी स्वतः अशा कितीतरी भिंती राखल्या आहेत.

तरी या निकालाविषयीं माझी तक्रार आहे. थापटणें हें मुळीं ओल्या मडक्याचें हत्यार. आंतून गुंडा धरून बाहेरून त्यानें ठोकीत कुंभार मडक्याचें पोट वाढवितो. भाजलेल्या मडक्यावर तें तसें चालविलें तर हातीं खापरेंच यावयाचीं. म्हणजे त्या बैठकींत थापटण्याचा उपयोग होण्याजोगे नामदेव एकटेच होते! कथाकारांनीं हें ओळखलें होतें कीं काय, कोण जाणे. परंतु पुढील चरित्र तसेंच आहे. परंपरा सांगते कीं हा मानी पाहुणा पुढें पंजाबांत घुमानला परभाषिकांत अनेक वर्षें राहिला. त्याचीं ६१ पदें शिखांच्या गुरुग्रंथसाहिबांत आहेत. भिंतीशीं उभें राहून हें झालें नसेल.

आणि ‘आदि’, ‘तीर्थावळी’, ‘समाधि’ हीं त्यांच्या नांवावरील प्रकरणें पाहा. त्यांत मुख्य स्थान ज्ञानदेवांना व त्यांच्या भावंडांना आहे. ज्या मंडळींत त्यांचा अपमान झाला, तिचीच हकीकत ते तिथें सांगत बसले आहेत.