राजनिष्ठेचा पेच : थॉमस हचिन्सनच्या एका चरित्राची समीक्षा

'राजनिष्ठ' म्हटले की मराठी वाचकाला रावबहादूर आणि रावसाहेब आठवतात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजसत्तेच्या बाजूने राहिलेल्या वसाहतवासीयांचा विचार करताना ही प्रतिमा दूर ठेवावी लागते. बर्नार्ड बेलिन यांचा 'द ऑर्डिअल ऑफ थॉमस हचिन्सन' (१९७४) हा ग्रंथ त्यासाठी महत्त्वाचा आहे. त्याचे बळ आणि मर्यादा येथे तपासावयाच्या आहेत.

मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सन हा परका अंमलदार नव्हता. १६३८ मध्ये याच वसाहतीतून धर्ममतांसाठी हद्दपार झालेली ॲन हचिन्सन त्याची पूर्वज. स्टॅम्प ॲक्ट त्याला अयोग्य वाटत होता. तरीही २६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री बोस्टनमधील जमावाने त्याचे घर उद्ध्वस्त केले. तो लिहीत असलेल्या वसाहतीच्या इतिहासाचे हस्तलिखितही रस्त्यावर फेकले गेले. कायदा चुकीचा असेल, पण तो करण्याचा पार्लमेंटचा अधिकार नाकारला तर सत्तेला कोठेच अधिष्ठान उरणार नाही, ही त्याची भूमिका. बेलिन हा पेच विलक्षण सहानुभूतीने उलगडतात. आपल्या काळातील नैतिक क्षोभ या विवेकी माणसाला कळलाच नाही, हा त्यांचा निष्कर्ष पटण्याजोगा आहे.

परंतु एका गव्हर्नरच्या मनातून पाहिल्यामुळे राजनिष्ठा ही केवळ तत्त्वाची आणि स्वभावाची बाब ठरते. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने बंडखोर मालकांच्या गुलामांना ब्रिटिशांच्या बाजूने लढल्यास मुक्ती देऊ केली. १७८० मध्ये हचिन्सन इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून मरण पावला. त्याच वर्षी दक्षिण कॅरोलिनातील बोस्टन किंग हा गुलाम ब्रिटिश छावणीत पळून आला. पार्लमेंटच्या सार्वभौमत्वाशी त्याला काय कर्तव्य? मोहॉक नेता जोसेफ ब्रँट याला तर आपल्या लोकांच्या जमिनींची चिंता होती. या दोघांची निष्ठा बेलिन यांच्या मांडणीत कोठेच बसत नाही, आणि ही उणीव केवळ चरित्र या प्रकाराची म्हणून सोडून देता येत नाही; ग्रंथ राजनिष्ठेचेच आकलन घडवू पाहतो.

माया जॅसनॉफ यांच्या 'लिबर्टीज एक्झाइल्स' (२०११) मध्ये ही माणसे दिसतात. त्यांच्या अंदाजानुसार सुमारे ६०,००० राजनिष्ठ देशाबाहेर गेले. त्यांपैकी अनेक कृष्णवर्णीय मुक्त होऊन नोव्हा स्कॉशियाला पोहोचले. गोऱ्या राजनिष्ठांनी मात्र सुमारे १५,००० गुलाम आपल्याबरोबर नेले.