लोकशाहीतील 'लोक' कोणी ठरवावे? : स्थलांतर व सीमाविषयक सिद्धांतांची चिकित्सा

प्रास्ताविक :

लोकशाही म्हणजे लोकांचे राज्य, ही व्याख्या आपण पदवीच्या प्रथम वर्षापासून शिकवीत आलो आहोत. मात्र हे 'लोक' कोण आणि ते कोणी ठरवायचे, या प्रश्नाकडे लोकशाहीच्या सिद्धांताने दीर्घकाळ फारसे लक्ष दिले नाही. तो मतदानाने सोडवावा म्हटले, तर त्या मतदानात भाग कोणी घ्यायचा, हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. रॉबर्ट डाल यांनी १९७० मध्ये 'आफ्टर द रेव्होल्यूशन?' या ग्रंथात या उणिवेकडे लक्ष वेधले. पुढे १९८३ मध्ये फ्रेडरिक व्हेलन यांनी लोकशाहीची कार्यपद्धती स्वतःच्या सीमा स्वतः ठरवू शकत नाही, असे दाखवून दिले. त्यानंतरच्या काळात या प्रश्नावर विपुल लेखन झाले. प्रस्तुत लेखात त्यातील प्रमुख भूमिकांचे परीक्षण आसामच्या अनुभवाच्या आधारे केले आहे. या भूमिका परस्परविरोधी असल्या, तरी 'कोणाला आत येऊ द्यावे?' या एकाच प्रश्नाभोवती त्या प्रामुख्याने फिरतात. आत राहत असलेल्या माणसाला बाहेरचा ठरविण्याचा अधिकार कोणाला व कोणत्या अटींवर असावा, हा लोकशाहीच्या दृष्टीने अधिक मूलभूत प्रश्न त्यामुळे मागे पडतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सैद्धांतिक भूमिका :

मायकेल वॉल्झर यांनी 'स्फिअर्स ऑफ जस्टिस' (१९८३) या ग्रंथात राजकीय समुदायाची तुलना शेजार, मंडळ आणि कुटुंब यांच्याशी केली आहे. समुदायाला स्वतःचे वेगळेपण राखावयाचे असेल, तर प्रवेशाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्याला असावा, असे ते मानतात. मात्र ज्यांना कामासाठी आत घेतले, त्यांना नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवलाच पाहिजे, ही अटही ते घालतात. जोसेफ कॅरेन्स यांनी १९८७ च्या आपल्या निबंधात याच्या उलट बाजू मांडली. समृद्ध लोकशाही देशाचे नागरिकत्व हा सरंजामशाहीतील जन्मसिद्ध विशेषाधिकाराचाच आधुनिक अवतार होय, असे त्यांचे म्हणणे आहे. अराश अबिझादेह यांनी २००८ मध्ये चर्चेला वेगळे वळण दिले. सीमेवरील नियंत्रण हा बलप्रयोग असल्याने त्याचे समर्थन आतील व बाहेरील अशा दोघांपुढेही करावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. सेला बेनहबीब यांनी 'द राइट्स ऑफ अदर्स' (२००४) मध्ये सीमा पूर्णतः खुल्या नसाव्यात, पण सच्छिद्र असाव्यात, असा मध्यम मार्ग सुचविला.

या सर्व मांडणीत सीमा आधीच निश्चित झालेली आहे, कोण कोठला हे ज्ञात आहे आणि स्थलांतरित तिच्या बाहेर उभा आहे, असे चित्र बहुधा गृहीत धरलेले असते. दक्षिण आशियाच्या इतिहासाला हे चित्र लागू पडत नाही.

आसामचा अनुभव :

विसाव्या शतकाच्या प्रारंभी पूर्व बंगालमधील, विशेषतः मैमनसिंग जिल्ह्यातील शेतकरी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात वसू लागले. वसाहतिक प्रशासनाला पडीक जमीन लागवडीखाली आणून महसूल वाढवावयाचा होता. स्थानिकांची अस्वस्थता वाढल्यावर १९२० च्या सुमारास वसाहतीची क्षेत्रे मर्यादित करणारी 'लाइन सिस्टीम' आणली गेली. तरीही हे सारे ब्रिटिश हिंदुस्थानच्या अंतर्गत होणारे स्थलांतर होते. जुलै १९४७ मध्ये सिल्हेटमध्ये सार्वमत झाले आणि त्या जिल्ह्याचा बहुतांश भाग पाकिस्तानात गेला. म्हणजेच येथे बरेचसे स्थलांतर आधी झाले आणि आंतरराष्ट्रीय सीमा नंतर आली.

फाळणीनंतरही, विशेषतः १९७१ पर्यंत, स्थलांतर होत राहिले. १९७९ ते १९८५ या काळातील आसाम आंदोलनामागे भाषा, जमीन आणि राजकीय अस्तित्व यांविषयीची खरी चिंता होती. ती निव्वळ परद्वेष म्हणून बाजूला सारता येणार नाही. वॉल्झर यांचा स्वयंनिर्णयाचा युक्तिवाद येथे बलवान ठरतो. परंतु त्याची मर्यादाही येथेच उघड होते. नागरिकत्व हा संघसूचीतील विषय असल्याने आसामी समाजाला प्रवेशाचा निर्णय घेण्याचा अधिकारच नव्हता. समुदाय आणि राज्यसंस्था एकमेकांशी तंतोतंत जुळतात, हे वॉल्झर यांचे गृहीतक बहुभाषिक संघराज्यात टिकत नाही.

१५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम करारानंतर नागरिकत्व कायद्यात कलम ६-अ समाविष्ट झाले. त्यानुसार बांगलादेशच्या प्रदेशातून १ जानेवारी १९६६ पूर्वी येऊन स्थायिक झालेल्यांना नागरिक मानले गेले. त्यानंतर, परंतु २५ मार्च १९७१ पूर्वी आलेल्यांना नोंदणीच्या अटीवर, परकीय असल्याचे आढळल्यापासून दहा वर्षे मताधिकार वगळता इतर अधिकार मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने हे कलम वैध ठरविले. येथे कॅरेन्स यांच्या नंतरच्या विचाराची आठवण होते. 'द एथिक्स ऑफ इमिग्रेशन' (२०१३) मध्ये ते म्हणतात की, वास्तव्याचा काळ वाढतो तसा सदस्यत्वाचा नैतिक हक्कही बळावतो. कायद्यातील तारीख मात्र स्थिर राहते. १९७२ मध्ये आलेली व्यक्ती २०१९ मध्ये सत्तेचाळीस वर्षे येथे राहूनही परकीयच ठरते.

पुराव्याचा भार :

खरा कळीचा मुद्दा यापुढील आहे. १९८३ च्या आसामपुरत्या कायद्याने एखादी व्यक्ती परकीय असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्या पक्षावर ठेवली होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला आणि १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याचे तत्त्व तेथेही लागू झाले. आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याचा भार आता त्या व्यक्तीवरच आला. १९४६ च्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. हे तत्त्व मात्र कायम राहिले. जन्म व वास्तव्य यांची माहिती संबंधित व्यक्तीलाच असते, हे या तत्त्वाचे समर्थन होय. वरवर पाहता ते पटण्याजोगे आहे. परंतु माहिती असणे आणि कागद असणे यांत मोठे अंतर आहे. नदीच्या पुरात दरवर्षी घर हलविणाऱ्या कुटुंबाला ते चांगलेच ठाऊक असते.

स्त्रियांच्या बाबतीत हे अंतर अधिक ठळक झाले. विवाहित स्त्रियांनी माहेरचे नाते दाखविण्यासाठी सादर केलेली ग्रामपंचायतीची प्रमाणपत्रे गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ च्या प्रारंभी अग्राह्य ठरविली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर ती पुन्हा ग्राह्य धरली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीच्या अंतिम यादीतून ३,३०,२७,६६१ अर्जदारांपैकी १९,०६,६५७ जण वगळले गेले. वगळले जाणे म्हणजे परकीय ठरणे नव्हे, हे खरे. परंतु त्यांच्या नागरिकत्वाविषयी संशय मात्र अधिकृत झाला. नावाच्या स्पेलिंगमधील किरकोळ तफावतीवरून किंवा निव्वळ संशयावरून कोणाला परकीय मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले. ही दिशा स्वागतार्ह आहे. तथापि ती न्यायालयीन दुरुस्ती आहे. कायद्यातील मूळ तत्त्व अद्याप बदललेले नाही.

समारोप :

हॅना आरेंट यांनी १९५१ मध्ये 'हक्क असण्याचा हक्क' ही कल्पना मांडली. राजकीय समुदायातील स्थान गमावलेल्या माणसाचे इतर सर्व हक्क निराधार होतात, हे त्यांनी राज्यविहीनांच्या अनुभवातून जाणले होते. या प्रकाशात अबिझादेह यांचा युक्तिवाद आत वळविणे आवश्यक वाटते. सीमेबाहेरील व्यक्तीपुढे बलप्रयोगाचे समर्थन करावे लागते की नाही, याविषयी मतभेद संभवतात. डेव्हिड मिलर यांच्यासारखे अभ्यासक प्रवेश रोखणे हा बलप्रयोगच मानत नाहीत. परंतु पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या, मतदान केलेल्या व्यक्तीचे सदस्यत्व काढून घेताना समर्थनाची जबाबदारी राज्यसंस्थेचीच असली पाहिजे, याविषयी लोकशाहीवाद्यांत दुमत असण्याचे कारण नाही. प्रवेश नाकारण्याचा अधिकार मान्य केला, तरी त्यातून सदस्यत्वाविषयी संशय घेण्याचा अनिर्बंध अधिकार निष्पन्न होत नाही. हे दोन अधिकार वेगळे न केल्यास मतदार सरकार निवडण्याऐवजी सरकारच मतदार निवडू लागेल. मग लोकशाहीची जी व्याख्या आपण वर्गात शिकवितो, ती केवळ पाठ्यपुस्तकापुरती उरेल.