ब्लेडनं कापलेली नावं

भोरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात एका मुलानं माझ्या हातात वही ठेवली. दोनशे पानी, लांब, किराणा दुकानात उधारी मांडायला वापरतात तसली. पहिलं पान उलटलं आणि पानातून खालचं टेबल दिसलं. जिथे जिथे माणसाचं, गावाचं, लॉजचं नाव आलं होतं तिथे त्यानं ब्लेडनं कागद कापून काढला होता. खाडाखोड नव्हती, शाई फासलेली नव्हती, बारीक चौकोनी खिडक्या होत्या. एका बाजूचं नाव काढताना मागच्या पानावरचं वाक्यही अर्धं गेलं होतं.

मुलगा म्हणतोय खरा, पण तिशी ओलांडलेला. तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतला. बारावीनंतर पुण्यात हॉटेलात कामाला लागला. तिथे पावडरची सवय लागली, आणि पावडरीला पैसे पुरेनात तेव्हा तो गिऱ्हाइकांबरोबर जाऊ लागला, बायकांबरोबर आणि पुरुषांबरोबरही. एस्कॉर्ट हा शब्द त्याला एजंटानं शिकवला. वहीत तो 'ड्युटी' असं लिहितो. मला म्हणाला, "छापायची नाही सर. फक्त सांगा, पुस्तकासारखं झालंय का?"

त्याला उत्तर देण्याआधी मला स्वतःलाच विचारावं लागलं की असं पुस्तक मराठीत कुठे आहे. ज्या भाषेनं 'बलुतं' लिहिलं, 'उपरा' आणि 'उचल्या' लिहिलं, त्या भाषेत नशा आणि विकलेलं शरीर यांचं आत्मकथन इतकं तुरळक का असावं? दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये आलं. त्याच वर्षी जर्मनीत क्रिस्तिआने एफ. या नावानं एका मुलीची कहाणी प्रसिद्ध झाली: बर्लिनचं रेल्वे स्टेशन, हेरॉइन आणि हेरॉइनसाठी केलेला धंदा. तेराव्या-चौदाव्या वर्षी ती त्यात होती. दोन पत्रकारांनी तिच्याकडून ऐकून ते पुस्तक तयार केलं, आणि आडनावाचं फक्त पहिलं अक्षर ठेवलं. दया पवारांनी त्याच सुमाराला आपलं नाव, गाव, जात सगळं कागदावर मांडलं. भूक आणि जात यांबद्दल बोलताना मराठी माणसानं नाव लपवलं नाही, कारण ती लाज त्याची नव्हतीच, ती त्याच्यावर लादणाऱ्याची होती. नशेची आणि देहाची लाज मात्र आपण सांगणाऱ्याच्याच पदरात टाकतो. माझ्या मते या लेखनाची सगळी अडचण इथे आहे.

तरी एक पुस्तक आधीच होऊन गेलं होतं. हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका'. 'माणूस' या नियतकालिकातून ते आलं, 1970 मध्ये पुस्तक झालं, आणि 1971 मध्ये त्या गेल्या. 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटांतली ही अभिनेत्री, मूळची रतन साळगावकर. घराण्याला कलावंतिणीचा वारसा, घर चालवायला लहान वयातच सिनेमात ढकललेली पोर. त्यांनी सांगितलं आणि अरुण साधूंनी लिहून घेतलं. आजही ते वाचताना मी थांबतो तो त्यातल्या धक्कादायक प्रसंगांपाशी नाही. नवऱ्याचं घर सोडून एका पुरुषाबरोबर मराठवाड्यातल्या खेड्यात जाणं, तिथे त्याची आणखी एक बायको म्हणून डोक्यावर पदर घेऊन राहणं, सुटका करायला आलेल्या व्यवस्थेतल्याच एका अधिकाऱ्यानं केलेला बलात्कार, हे सगळं त्यात आहे. पण मला थांबवतो तो आवाज. दारूबद्दल त्या बोलतात तेव्हा ना छाती बडवतात, ना कुणाकडे क्षमा मागतात. प्यायले, आवडली, पुढे तिनं मला धरलं, अशा सरळ चालीनं त्या जातात. श्याम बेनेगल यांनी 1977 मध्ये 'भूमिका' काढला तेव्हा कथा मोठी झाली, पण तो आवाज पडद्यावर पुरता आला नाही असं मला कायम वाटत आलं आहे.

मग या वाटेनं पुढे फारसं कोणी का गेलं नाही?

मला वाटतं, आपल्याकडे असल्या आयुष्याला दोनच साचे तयार होते. एक कान्होपात्रेचा. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही मुलगी, बादशहाच्या माणसांच्या हाती पडण्याऐवजी तिनं विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला. संतकवयित्री म्हणून आपण तिला डोक्यावर घेतलं, पण तिची गोष्ट सांगितली ती सुटकेची गोष्ट म्हणून. दुसरा साचा सुधाकराचा. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलं, आणि दारुड्याचं चित्र तिथे शंभर वर्षांसाठी ठरून गेलं: पहिला पेला, मग उतार, मग त्याच्या बायकोचा, सिंधूचा अंत. या साच्यात प्रेक्षकाचे डोळे सिंधूकडे लागलेले असतात. पिणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे त्याला ऐकायचं नसतं, त्याला परिणाम पाहायचा असतो.

तिसरा साचा अलीकडचा, आणि तो चांगल्या हेतूनं आला. अनिल अवचटांनी पुण्यातल्या ब्राऊन शुगरवर लिहिलं, त्यातून 'गर्द' हे पुस्तक झालं. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले, आणि 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अवचटांच्या लेखणीनं व्यसनी माणसाला पहिल्यांदा माणूस म्हणून समोर बसवलं, हे ऋण मोठं आहे. व्यसनमुक्तीच्या सगळ्या कामात 'शेअरिंग' असतं. गोलात बसून एकेकानं बोलायचं: आधी मी कसा होतो, मग काय झालं, आता कसा आहे. माणूस वाचवायला या तीन पायऱ्यांइतकं कामाचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पण तेच पुस्तकाचं हाड झालं की मधली पायरी आखडते आणि शेवटची आधीपासून ठरलेली असते. स्वतः व्यसनातून बाहेर येऊन पुढे त्याच कामात पडलेल्या तुषार नातू यांचं 'नशायात्रा' वाचताना मला हा ताण जाणवला. भाषा समोर बसून सांगितल्यासारखी, फसवाफसवीचे तपशील कुठेही न चुकवलेले. मराठीत पुरुषाच्या नशेचं इतकं थेट लेखन थोडंच आहे. तरी वाचणाऱ्याला सतत ठाऊक असतं की सांगणारा काठावर पोचलेला आहे. पाण्यात असतानाचं, काठाची खात्री नसतानाचं लेखन आपल्याकडे अजून यायचं आहे.

वैशाली हळदणकर यांच्या 'बारबाला'चं वेगळंच झालं. डान्सबारचं जग, नशा आणि देहाचा व्यवहार या तिन्ही गोष्टी एका बाईनं स्वतःच्या नावानं सांगितल्या. पण महाराष्ट्रात 2005 च्या बंदीपासून 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत आणि त्यानंतरही बार चालू की बंद हाच वाद पेटलेला. पुस्तक त्या वादातला पुरावा म्हणून वाचलं गेलं. त्यातली वाक्यं कशी आहेत, सांगणारी कुठे थबकते, कुठे घाईनं पुढे जाते, हे बघायला समीक्षकांना सवड झाली नाही. मी समीक्षा लिहितो, तेव्हा हा दोष माझ्याही खात्यावर आहे.

आणि लेखणी कुणाच्या हातात, हा प्रश्न उरतोच. 'सांगत्ये ऐका' शब्दांकन, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हेही वैशाली रोडे यांचं शब्दांकन. शब्दांकन वाईट नसतं, पण दुसऱ्याच्या हातून उतरताना बोलण्यातले अडखळे गुळगुळीत होतात. केरळच्या नलिनी जमीला यांचं देहविक्रयाच्या कामाबद्दलचं आत्मकथन 2005 मध्ये आलं. त्यावर मोठा गदारोळ झाला. पण त्यांना स्वतःला ती आवृत्ती आपली वाटली नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा, आपल्या पद्धतीनं सांगितलं. मला ही घटना पुस्तकाइतकीच मोठी वाटते. आपल्याकडे सांगलीत संग्राम या संस्थेच्या कामातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, तिथल्या बायका 'धंदा' हा शब्द मान वर करून वापरतात, त्यांनी रंगमंचावर उभं राहून स्वतःचं जगणं मांडलं. त्या बोलल्या कारण वस्ती होती, शेजारीण होती, संघटना होती. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये चिरा उतरवण्याच्या, म्हणजे मुलीचा पहिला संग पैसे घेऊन पुरुषाला देण्याच्या प्रथेबद्दल लिहिलं, नावात वडिलांऐवजी आईचं नाव लावलं, तेव्हाही मागे एक समाज होता, रागावणारा का होईना. एस्कॉर्टला यातलं काही नाही. फोन, पत्ता, खोली, परत. दुसरा एस्कॉर्ट त्याच्या ओळखीचा नसतो. अशा एकट्या माणसाचं आत्मकथन कसं लिहायचं याचा नमुना मराठीत नाही, म्हणून त्या मुलाची वही मला इतकी महत्त्वाची वाटली.

भोर-वेल्ह्यात ही गोष्ट आणखी अवघड होते. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं, तरी चेलाडी फाट्यावरून आत वळलं की माणसाची ओळख तीच राहते: आडनावावरून गाव, गावावरून भावकी. पानशेत-वरसगावच्या पाण्याकाठी फार्महाऊस उठली, जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला, गेला, पिणं राहिलं. शनिवारी शहरातून गाड्या येतात, त्यांत काय येतं ते वाडीतल्या पोरांना माहीत असतं. दारूबद्दल गावात उघड बोलतात. बायका मोर्चे काढतात, दुकान बंद करायला 'आडवी बाटली'साठी मतदान मागतात. पावडरीबद्दल कुजबुजतात. आणि शरीराच्या व्यवहाराबद्दल, त्यातही पुरुषाच्या, शब्दच नाही. मी त्याला म्हणालो, टोपणनावानं लिही, अमेरिकेत विल्यम बरोजनंही 1953 मध्ये 'जंकी' हे पुस्तक दुसऱ्या नावानं छापलं होतं. तो म्हणाला, "सर, आमच्या वाडीत छत्तीस उंबरे. एसटी कुठं वळते एवढं लिहिलं तरी कळंल. चुलत्याच्या पोरीचं बघायला येतायत."

ती वही मी तीन दिवस ठेवून घेतली. शेअरिंगचा साचा तिच्यातही आहे, तो कुठेतरी उपचारांना जाऊन आलाय हे लगेच कळतं. पश्चात्तापाची पानं सगळीकडे सारखीच वाटतात. पण मधे एक पान हिशेबाचं आहे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. ड्युटी, ड्युटी, रद्द, ड्युटी. समोर पुडी, रिक्षा, शर्ट इस्त्री, आईच्या खात्यावर 2000, पुडी, डिओ, पुडी. एका ओळीत 'गिऱ्हाईक रडलं, पैसे कमी घेतले'. खाली बेरीज चुकलेली. माझ्या वाचनातल्या कुठल्याही पश्चात्तापाच्या पानापेक्षा या पानात तो माणूस जास्त दिसला. इस्त्री आणि डिओ विकत घेणारा, पैसे कमी करणारा, आईला न चुकता पाठवणारा, आणि बेरीज जुळत नाही हे बघूनही ती तशीच ठेवणारा. साहित्य म्हणून तो तिथे पोचला होता आणि त्याला ते कळलं नव्हतं.

त्या पानानंतर चार पानं कोरी होती. मला वाटलं चिकटून राहिली असतील.

वही परत देताना मी त्याला हिशेबाच्या पानाबद्दल सांगितलं. पुस्तकासारखं झालंय का, या प्रश्नाचं उत्तर म्हणून तेवढंच. त्याला पटलं नसावं, तो म्हणाला ते तर नुसते आकडे आहेत. मग मी कोऱ्या पानांबद्दल विचारलं. त्यानं वही उघडली, ती चार पानं अंगठ्यानं सरकवली आणि थोडा वेळ बोलला नाही.

"ती पहिल्या दिवसाची आहेत," तो म्हणाला. "पहिल्यांदा घेतली तो. लई भारी वाटलं होतं सर. ते कसं लिहायचं?"

वेल्ह्याची गाडी लागली होती. चार पानं पुरणार नाहीत, एवढंच मी म्हणालो. त्यानं वही पिशवीत घातली आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानाकडे वळला. गाडी सुटेपर्यंत मी थांबलो, पण त्या गाडीत तो चढला नाही.