कलिल चांदी : धातू की क्षार?

कलिल चांदीच्या बाटल्या खपवणाऱ्या पत्रकांमध्ये एक युक्तिवाद हमखास भेटतो. त्वचा कायमची निळसर-करडी पडण्याचा विकार, म्हणजे आर्जिरिया, सिल्व्हर नायट्रेटसारख्या क्षारांमुळे होतो. आमच्या बाटलीत मात्र शुद्ध धातूचे सूक्ष्म कण आहेत, तेव्हा काळजी नको! धातू आणि क्षार यांतला फरक शिकलेल्या विद्यार्थ्याला हे चटकन पटते. म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे.

पहिला प्रश्न, बाटलीत खरोखर असते काय? घरगुती कृतीत ऊर्ध्वपातित पाण्यात चांदीच्या दोन तारा बुडवून त्या बॅटरीला जोडतात. धनाग्रावरील चांदी इलेक्ट्रॉन गमावते आणि पाण्यात सिल्व्हर आयन उतरतात. त्यातले काही पुढे कण होतात, पण बरेचसे आयनच राहतात. टॉर्चचा झोत सोडून पाहा. झोताचा मार्ग उजळला तर कण आहेत. हा टिंडॉल परिणाम. मार्ग दिसला नाही, पण मिठाच्या पाण्याचा थेंब टाकताच दुधी गढूळपणा आला, तर तो सिल्व्हर क्लोराइडचा अवक्षेप. म्हणजे 'शुद्ध धातू' म्हणून विकत घेतला तो क्षाराचाच भाऊ!

पण समजा, सगळे कणच आहेत. ते जठरात गेले. येथे एखादा चांगला विद्यार्थी आक्षेप घेईल : अभिक्रियाशीलता श्रेणीत चांदी हायड्रोजनच्या खाली आहे, मग हायड्रोक्लोरिक आम्लात ती विरघळेल कशी? आक्षेप रास्त आहे. मात्र येथे ऑक्सिडीकरण करतो तो विरघळलेला ऑक्सिजन; आम्ल फक्त मदत करते. शिवाय पृष्ठफळाचा हिशेब करा. एक ग्रॅम चांदीच्या घनाचे पृष्ठफळ जेमतेम सव्वा चौरस सेंटिमीटर. तीच चांदी 10 नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांत विभागली, तर पृष्ठफळ सुमारे 57 चौरस मीटर! अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली दाखवले, की जठरासारख्या आम्लात चांदीच्या नॅनोकणांचे आयन होतात. हे आयन प्रथिनांतील गंधकाला चिकटून रक्तातून फिरतात, त्वचेजवळ प्रकाशाने त्यांचे क्षपण होऊन पुन्हा धातूचे कण बनतात आणि पुढे त्यांचे सल्फाइड व सेलेनाइड होते. त्वचेत सापडणारे कण गिळलेले कण नव्हेतच. धातू गिळा की क्षार, पुढची वाट एकच.

प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागले की काळा डाग पडतो, हे शिक्षकांना सांगायला नको. रसायन जवळपास तेच. तो डाग आठवड्याभरात जातो, कारण वरची त्वचा झडते. आर्जिरियातील चांदी खालच्या थरात, अंतस्त्वचेत असते आणि तो थर झडत नाही. उन्हात उघडे राहणारे चेहरा व हात अधिक काळवंडतात, याचे कारणही प्रकाशच.

मात्र विरोधात लिहिणारे 'चांदी जहाल विष आहे' असे ठोकून देतात, तेही मला मान्य नाही. प्रश्न मात्रेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जन्मभरात पोटात गेलेली सुमारे 10 ग्रॅम चांदी अपाय करत नाही. गिळलेल्या चांदीपैकी शरीरात राहते तीही फार तर दहा टक्के. (काजूकतलीच्या वर्खाची धास्ती घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.) लिटरला 10 मिलिग्रॅम चांदी असलेल्या द्रवाचे दोन चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर, रोज घेतले, तर 10 ग्रॅम व्हायला एक लाख दिवस लागतील. पण घरी केलेला, लिटरला 100 मिलिग्रॅमचा द्रव रोज पेलाभर, म्हणजे 250 मिलिलिटर, प्यायला तर? अवघे 400 दिवस. आणि घरच्या बाटलीत प्रमाण किती, हे मोजतो कोण?

उपयोगाचे काय? परीक्षानळीत चांदीने जंतू मरतात, हे खरे. क्रेडेने 1880 च्या सुमारास नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालून अंधत्व टाळले. भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम वापरले जाते. ही सगळी बाहेरून, जंतूंवर थेट केलेली योजना. रक्तात क्लोराइड आणि गंधकयुक्त प्रथिने वाटच पाहत असतात. मोकळा आयन जंतूपर्यंत पोचेपर्यंत उरतो कुठे? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 साली कलिल चांदी आणि चांदीचे क्षार असलेली, चिठ्ठीविना विकली जाणारी औषधे सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असा नियम केला. तरीही 2020 च्या मार्चमध्ये कोविडवरचा उपाय म्हणून ती विकणाऱ्यांना याच प्रशासनाला इशारापत्रे धाडावी लागली. थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत चांदी त्या गोळीचे शोषण कमी करू शकते, हे पत्रकांत कधी छापलेले नसते.

निळेपणा आल्यावर धातू बाहेर काढणारी नेहमीची औषधे उपयोगी पडत नाहीत, कारण सिल्व्हर सल्फाइड व सेलेनाइड कमालीचे अविद्राव्य आहेत. लेसरने रंग काहीसा फिका करता येतो, तोही एका वेळी थोड्याच जागेवर.