उंदीर, वात आणि पागेची शिस्त

शिवाजी महाराजांच्या लष्करी शिस्तीचा विषय निघाला की ‘रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका’ ही ओळ भाषणांत हमखास येते. तो देठ मात्र लष्कराला लिहिलेल्या पत्रातला नाही. 5 सप्टेंबर 1676 रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेल्या पत्रातला, म्हणजे मुलकी कारभारातला आहे. फौजेला गेलेले पत्र वेगळे. चिपळूणजवळ हलवर्ण, म्हणजे दळवटणे, इथे छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिले. काळ राज्याभिषेकाच्या तोंडावरचा, मे 1674 चा मानतात. अशी पत्रे आज शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहता येतात, कारण वि. का. राजवाड्यांसारख्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली, मोडी कागदांचे रुमाल सोडले आणि हाती लागले ते छापले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला, पुढे खंडांची संख्या 22 वर गेली.

हलवर्णचे पत्र हुकमाचे आहे, पण त्यात दरडावणी फार थोडी. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणागोटा छावणीने आधीच बराच संपवला आहे. आहे तो बेताने वापरला नाही तर काय होईल, हे महाराज पायरीपायरीने सांगतात. ऐन पावसात वैरण मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही मुलखात शिराल, कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. कसाबसा तग धरून राहिलेला कुणबी परागंदा होईल आणि त्याला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. स्वतःच्याच शिपायांना शत्रूशेजारी उभे करणारे हे वाक्य एखाद्या राजाने कागदावर उतरवू द्यावे, याचे मला आजही नवल वाटते. त्यावर तोडही लगेच दिली आहे: पैसे तुम्हाला मिळतात, लागेल ते बाजारातून विकत घ्या.

पण पत्राचा खरा मानकरी उंदीर. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात पळवील, ठिणगी गवतात पडेल, गंजी आणि पागा दोन्ही जळतील. तंबाखू ओढणारे, वारा न बघता चुली पेटवणारे, सगळे महाराजांच्या नजरेत आहेत. आग लागल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या तरी पागा पुन्हा उभारायला लाकूड मिळणार नाही, असा रोकडा हिशेब पुढे येतो. घर चालवणारी जाणती बाई जशी निजण्यापूर्वी चूल बघते, तसे हे बघणे आहे.

शिक्षेचा भाग शेवटी, दोन-तीन ओळींत आटोपतो. ज्याच्या हातून बदनामी होईल त्याची इज्जत राहणार नाही, आणि मग रोजगार कसला? सभासद बखरीतला नियम याहून कडक आहे: स्वारीत बायको, बटीक किंवा कलावंतीण नेणाऱ्याची गर्दन मारावी. पण ती बखर जिंजीला, महाराजांच्या पश्चात लिहिलेली. चिपळूणचा कागद त्यांच्या हयातीतला, छावणीच्या अडचणीतून निघालेला. म्हणून लष्करी न्याय समजून घ्यायला मी त्यालाच वरचे स्थान देतो. गुन्ह्याच्या वाटा आधीच बुजवायच्या, हे त्याचे धोरण.

भाषणातल्या एका ओळीवर समाधान मानू नका. पत्र लांब नाही; मुळातून, पूर्ण वाचा.