नीळकंठशास्त्री गोरे यांचे दोन ग्रंथ

एका ग्रंथकारानें एका मताचें मंडन करावें, आणि पुढें त्याच मताच्या खंडनार्थ दुसरा ग्रंथही त्यानेंच लिहावा, असा प्रसंग आपल्या वाङ्मयांत विरळा. असा प्रसंग आला म्हणजे वाचक बहुधा एक ग्रंथ हातीं धरतो व दुसरा टाकून देतो; कोणता धरावा व कोणता टाकावा हें ज्याच्या त्याच्या पंथावर ठरतें. नीळकंठशास्त्री गोरे, धर्मांतरानंतरचें नांव नेहेम्या गोरे, यांच्या 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' व 'षड्दर्शनदर्पण' या दोन ग्रंथांची हीच गत झाली आहे. ख्रिस्ती मताच्या स्वीकारानें या पुरुषाच्या ठायीं काय पालटलें आणि काय पालटलें नाहीं, याचा निर्णय हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचल्यावांचून होणार नाहीं, असें आमचें मत आहे. तें येथें मांडावयाचें योजिलें आहे.

गोरे यांचें घराणें कोकणस्थ ब्राह्मणांचें. नीळकंठशास्त्र्यांचा जन्म इ. स. १८२५ मध्यें झांशीनजीकच्या काशीपुरा या गांवीं झाला; त्यांचें बाळपण व शास्त्राध्ययन मात्र काशींत झालें. गागाभट्टांच्या घराण्यापासून काशींत महाराष्ट्रीय पंडितांची जी परंपरा चालत आली, तिच्याच छायेंत हा विद्यार्थी वाढला. त्यामुळें वादांत उतरावयाचें तें प्रतिपक्षाचें म्हणणें पुरें समजून घेऊन, ही शिस्त त्याच्या अंगीं लहानपणींच बाणली होती.

या वादाचें मूळ एका संस्कृत ग्रंथांत आहे. कंपनी सरकारच्या सेवेंतील स्कॉटिश विद्वान जॉन म्यूर यांनीं इ. स. १८३९ मध्यें 'मतपरीक्षा' नांवाचा श्लोकबद्ध ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें प्रसिद्ध केला. खरा धर्म कोणता हें ओळखण्याच्या कसोट्या त्यांनीं सांगितल्या त्या अशा : धर्मसंस्थापकाचें अद्भुत सामर्थ्य, शास्त्राचें पावित्र्य व त्याची सर्व मनुष्यांस लागू पडणारी व्याप्ति. परकीयानें देववाणींत, आणि तीही शुद्ध, केलेला हा पूर्वपक्ष पंडितांस अनुत्तरित ठेवणें शक्य नव्हतें. सोमनाथ या नांवाच्या पंडितानें 'मतपरीक्षाशिक्षा' लिहिली. हा सोमनाथ म्हणजे सीहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू असावेत, असें या वादाचे अभ्यासक रिचर्ड यंग यांनीं इ. स. १९८१ च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. बंगाल्यांतील हरचंद्र तर्कपंचानन यांनीं 'मतपरीक्षोत्तर' रचलें. तिसरें उत्तर नीळकंठशास्त्र्यांचें. इ. स. १८४४-४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' सिद्ध झाला, तेव्हां त्याच्या कर्त्याचें वय अवघें वीस वर्षांचें होतें.

वय लक्षांत घेतां या ग्रंथाची प्रौढी आश्चर्यकारक वाटते. त्यांतील मुख्य युक्तिवाद तीन आहेत. पहिला असा कीं, धर्माच्या प्रांतांत केवळ तर्काला स्वतंत्र प्रामाण्य नाहीं. श्रद्धा आधीं, तर्क तिच्या मागून. म्यूरसाहेबांनीं तर्काची तलवार वेदपुराणांवर उगारली आहे खरी, परंतु तीच त्यांच्या शास्त्रावर उगारली तर तेंही निभावणार नाहीं. दुसरा युक्तिवाद ईश्वराच्या न्यायाविषयीं आहे. पूर्वजन्म व कर्म मानलें नाहीं, तर जन्मतःच कोणी सुखी व कोणी दुःखी कां, मुक्या पशूंच्या वांट्यास यातना कां, याचें उत्तर देतां येत नाहीं. ईश्वराकडे वैषम्य व नैर्घृण्य हे दोष येतात. शिवाय थोड्या वर्षांच्या आयुष्यांत घडलेल्या मर्यादित पापासाठीं अनंतकाळचा नरक, हें दयाळू ईश्वरास शोभणारें नव्हे. तिसरा युक्तिवाद असा कीं, ख्रिस्ती मत हें मोहशास्त्र आहे, म्हणजे अनधिकाऱ्यांस भुलविण्याकरितांच तें प्रवृत्त झालें आहे.

या तिहींपैकीं तिसरा युक्तिवाद आम्हांस दुबळा वाटतो. परमत म्हणजे मोहशास्त्र, असें कोणीही कोणाच्याही मताविषयीं म्हणूं शकेल. त्यांत प्रमाण कांहींच नाहीं. पहिला युक्तिवाद चतुराईचा आहे, परंतु त्यानें वाद मिटत नाहीं. दोन्ही पक्ष आपआपल्या शास्त्राच्या कुंपणांत सुरक्षित राहतात इतकेंच. दुसरा युक्तिवाद मात्र खरोखर मर्मावर बसणारा आहे. या ग्रंथाचें मोल त्यावरच ठरतें, आणि पुढील कथेचें सूत्रही तेथेंच सांपडतें.

हा ग्रंथ लिहिण्याच्या सुमारास नीळकंठशास्त्री काशींतील चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम स्मिथ यांच्याकडे वाद करण्यास जाऊं लागले होते. हेतु त्यांना निरुत्तर करण्याचा. परंतु खंडनाकरितां जें पुस्तक वाचावयास घेतलें, त्यानेंच वाचणाऱ्यास आपल्याकडे ओढलें. ता. १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यापायीं जें सोसावें लागलें तें थोडें नव्हतें. जातीगोतीचा संबंध तुटला. इ. स. १८५३ मध्यें कन्या लक्ष्मी जन्मली. तिची आई लौकरच वारली व मूल परक्या घरीं वाढलें. हीच कन्या पुढें एलन लक्ष्मी गोरे या नांवानें इंग्रजी भक्तिगीतांची कर्त्री म्हणून प्रसिद्धीस आली.

स्मिथ यांनीं या धर्मांतराची हकीकत इ. स. १८५० मध्यें लंडनांत छापविली व तिला नांव दिलें 'द्विज'. नांव मोठें मार्मिक आहे. उपनयनानें जो एकदां दुसऱ्यानें जन्मला होता, तो आतां ख्रिस्ताच्या ठायीं खऱ्या अर्थानें पुनः जन्मला, असें लेखकास सुचवावयाचें आहे. परंतु शब्द उसना घ्यावयाचा तर त्याचा अर्थही पुरता घ्यावा लागतो. आपल्या शास्त्रांत दुसरा जन्म म्हणजे पहिल्याचा नाश नव्हे. मुंज झालेल्या बटूस नवा अधिकार व नवीं कर्तव्यें प्राप्त होतात. त्याची बुद्धि, त्याचा स्वभाव, त्याचें गोत्र हीं होतीं तींच राहतात. स्मिथ यांच्या वर्णनांत जुना नीळकंठ संपला व नवा नेहेम्या उभा राहिला असा भास होतो. काशीच्या पंडितांनाही तसेंच वाटलें असलें पाहिजे. मात्र ज्यास मिशनऱ्यांनीं जन्म म्हटलें त्यास पंडितांनीं मरण म्हटलें. एकाच तुटीवर दोन्ही पक्षांचें असें एकमत झालें. ग्रंथांचा पुरावा मात्र या एकमताला अनुकूल नाहीं.

'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ इ. स. १८६० मध्यें निघाला, आणि फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृतज्ञानें त्याचें इंग्रजी भाषांतर इ. स. १८६२ मध्यें कलकत्त्यास प्रसिद्ध केलें. सांख्य, न्याय-वैशेषिक व वेदान्त या क्रमानें त्यांत दर्शनांची परीक्षा आहे. विषय नवा, पक्ष उलटा. पण रीत तीच. आधीं पूर्वपक्ष, तोही त्या त्या दर्शनाच्या मान्य ग्रंथांच्या आधारें, मग शंका, मग उत्तर, मग उत्तरावर शंका. परक्या मिशनऱ्यांच्या खंडनांत बहुधा आढळणारी उथळ थट्टा येथें नाहीं. वेदान्तप्रकरणांत पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक या तीन सत्तांची जी चिकित्सा केली आहे, ती अद्वैत्यांनींही अवश्य वाचावी. अज्ञानाच्या दृष्टीनें जें आहे व ज्ञानाच्या दृष्टीनें जें नाहीं, त्याला 'सत्ता' हा शब्द लावावयाचा कशाच्या जोरावर, असा त्यांचा प्रश्न आहे. उत्तर देणारा देवोत. प्रश्न पंडिताचा आहे, प्रचारकाचा नव्हे.

या ग्रंथांत दोष नाहीं असें नाहीं. ज्या कांट्यानें दर्शनें तोललीं, त्याच कांट्यांत ग्रंथकारानें आपलें नवें मत तितक्याच निष्ठुरतेनें घातलें नाहीं. न्यायप्रकरणांत जीवाचें अनादित्व व पूर्वजन्म यांवर प्रहार आहेत. परंतु विसाव्या वर्षीं ज्या तरुणानें अनंत नरकाचा प्रश्न उभा केला होता, त्याचें या प्रहारांनीं समाधान व्हावें असें आम्हांस वाटत नाहीं. आणि खुद्द ग्रंथकाराचेंही झालें नाहीं, हेंच या कथेंतील मर्म आहे. गार्डनर यांनीं इ. स. १९०० मध्यें प्रसिद्ध केलेलें त्यांचें चरित्र वाचतां असें दिसतें कीं, शंकांनीं त्यांचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाहीं, आणि त्या शंकांत अनंत शिक्षेची शंका प्रमुख होती. नीळकंठानें ख्रिस्त्यांस घातलेला प्रश्न नेहेम्यास पुनःपुनः भेटत राहिला. प्रश्नकर्ता व उत्तरदाता एकाच देहांत नांदत होते.

पहिल्या युक्तिवादाचीही गत पाहण्यासारखी आहे. केवळ तर्कानें धर्म ठरत नाहीं, हें नीळकंठशास्त्र्यांनीं म्यूर यांस सांगितलें. पुढें ब्राह्मसमाजाच्या अनुयायांस उद्देशून लिहितांना व व्याख्यानें देतांना गोरे हेंच सांगत राहिले कीं, मनुष्याची बुद्धि आपल्या बळावर शुद्ध ईश्वरज्ञानास पोंचत नाहीं. ईश्वरानें स्वतः प्रकट केलेलें शास्त्र लागतें. शास्त्र बदललें, शास्त्रप्रामाण्य बदललें नाहीं. मीमांसकांच्या घरचा हा सिद्धान्त त्यांनीं जणूं बरोबर नेला होता.

मग पालटलें तें काय? आमच्या मतें पालटली ती निष्ठा, आणि निष्ठेबरोबर पालटलें आचरण. ही गोष्ट लहान नव्हे. पंडितसभेंत ज्याचें भवितव्य उज्ज्वल होतें, त्यानें मान, जात, घर सोडून उपासकाचें निरलस जीवन पत्करलें. इ. स. १८७० मध्यें त्यांना अँग्लिकन पंथाची पूर्ण दीक्षा मिळाली. कौलीच्या संन्यस्त मंडळींत ते राहिले, परंतु उमेदवारच राहिले. अंतिम व्रतें त्यांनीं घेतलीं नाहींत. यांत कोणास चंचलता दिसेल. आम्हांस यांत प्रामाणिकपणा दिसतो. जें मनास पुरतें पटलें नाहीं त्यास पुरतें पटल्याचें सोंग या मनुष्यानें कोठेंच केलें नाहीं, काशींत नाहीं व ख्रिस्ती मठांतही नाहीं. इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेणाऱ्या पंडिता रमाबाई यांनीं आपल्या बुद्धीची खात्री पटण्यास गोरे यांचें साह्य झाल्याचें सांगितलें आहे. शंका ठाऊक असलेल्या गुरूचाच शंकेखोर शिष्यास उपयोग होतो. ता. २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईंत गोरे यांचा अंत झाला.

आतां संग्राहकांशीं दोन शब्द. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ सिंधिया ओरिएंटल इन्स्टिट्यूटतर्फे श्री. स. ल. कात्रे यांनीं संपादून उज्जयिनी येथें छापला, तो इ. स. १९५१ मध्यें, म्हणजे रचनेनंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं. मधल्या काळांत त्याला वाली कोण असणार? कर्त्यानें तो मनानें टाकलेला. मिशनला तो नकोसा. आणि पंडितांच्या दृष्टीनें तो 'भ्रष्टा'च्या हातचा. तरीही पोथी टिकली, ती कोणीतरी ग्रंथकाराचें पुढील चरित्र न पाहतां कागदाचा मान राखला म्हणून. ती नष्ट होती, तर गोरे यांच्या पुढील शंकांचें मूळ कोठें आहे हें कधींच कळलें नसतें, आणि 'द्विज' या पुस्तकांतील चित्रच खरें मानावें लागलें असतें.

यावरून आमची विनंती एवढीच कीं, टाकलेल्या मताचे कागद टाकूं नयेत. जुन्या घरांतील दप्तरें चाळतांना संस्कृत पोथ्या काढून घ्यावयाच्या व त्यांच्याच खालीं दडलेलीं मिशनचीं पातळ, पिवळीं पडलेलीं पुस्तकें रद्दींत घालावयाचीं, ही चाल आम्हीं पाहिली आहे. उलट बाजूनें ख्रिस्ती घराण्यांत पूर्वजांच्या पोथ्यांकडे दुर्लक्ष होतें. दोन्हीकडे नुकसान सारखेंच. हस्तलिखितांच्या याद्या करणारांनीं 'नीळकंठ गोरे' व 'नेहेम्या गोरे' अशीं दोन नांवें दोन विभागांत अलग न ठेवतां एकाखालीं दुसऱ्याचा निर्देश करावा. कागदाचा आकार, लेखनकाल व मालकाचें नांव जसें आपण टिपतों, तसेंच ग्रंथकाराचें मतांतर व त्याचा काल हेंही टिपावें.

मनुष्याचा नवा जन्म खरा कीं खोटा हें ठरविण्याचा अधिकार इतिहाससंशोधकास नाहीं. परंतु नवा जन्म झाल्यावर जुनें किती उरलें, हें मोजण्याचें साधन त्याच्याजवळ आहे. आणि गोरे यांच्या बाबतींत तें साधन म्हणजे हे दोन ग्रंथ होत.