मायटी राजूचा न्यूट्रिनो

पोगो वाहिनीवर २००८ पासून गाजलेल्या ‘छोटा भीम’मधून हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेने ‘मायटी राजू’ ही वेगळी मालिका काढली. भीमाचे बळ लाडवात; ढोलकपूर परीकथेतले गाव, त्यामुळे ते खपून जाते. राजू मात्र आधुनिक शहरात राहतो आणि त्याचे वडील शास्त्रज्ञ आहेत. प्रयोगात गढलेला बाप मुलांना पडद्यावर दिसतो, ही या मालिकेची जमेची बाजू.

पण राजूला शक्ती मिळाली कशी? तर तो गर्भात असताना वडिलांनी तयार केलेले न्यूट्रिनोचे द्रावण आई चुकून प्यायली! असे द्रावण होऊच शकत नाही. नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेतून सूर्याचे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आरपार जातात. रात्रीसुद्धा, अख्खी पृथ्वी भेदून. शरीराला पत्ताही लागत नाही. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल उपकरणे लावून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ व त्यांचे जपानी, ब्रिटिश सहकारी बसले, तेव्हा कुठे वातावरणात निर्माण झालेल्या मोजक्या न्यूट्रिनोंची चाहूल लागली. ही खरी हकिकत काय कमी अद्भुत आहे?

लाडू स्वतःला विज्ञान म्हणवत नाही, न्यूट्रिनो म्हणवतो. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो वेधशाळेला विरोध झाला. डोंगर पोखरण्याविषयीचे आक्षेप विचारात घेण्याजोगे होते; पण न्यूट्रिनोच अपाय करतील ही निराधार भीतीही पसरली होती. तरीही मालिका बघू नका, असे मी म्हणणार नाही. शिक्षकांनी वर्गात एवढेच विचारावे: जो कण जवळजवळ कशालाच अडत नाही, तो बाटलीत राहील कसा?